अस्वले, खुराडे आणि दोन निकल : अमेरिकी ट्रकवाल्यांच्या बोलीची कहाणी

आमचे मामू ट्रकवर आधी क्लीनर होते, पुढे ड्रायव्हर झाले. लहानपणी सुट्टीत एकदा त्यांच्या केबिनमध्ये बसून आम्ही घाट उतरलो. समोरून येणाऱ्या ट्रकने दिव्याची दोनदा उघडझाप केली, तसा मामूंनी गाडीचा वेग कमी केला आणि म्हणाले, "आगे मामा खडा है." वळण संपले तेव्हा खरोखरच पोलीस उभा होता. मामूंनी मामाला भ्यावे याचे तेव्हा आम्हाला फार हसू आले. हातावर पोट असलेला माणूस हुकूमतीच्या नजरेआड आपली एक बोली तयार ठेवतो, ही समज आम्हाला फार उशिरा आली. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची नंदभाषा अशीच, आणि बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून होणारा सौदाही त्याच जातीचा.

पण अशा बोलीने एक अख्खा देश काही काळ वेडा करून सोडला, असे उदाहरण आमच्या माहितीत एकच आहे. ते अमेरिकेतील ट्रकवाल्यांचे. या बोलीचे माध्यम होते सिटिझन्स बँड, म्हणजे लोकांच्या भाषेत 'सीबी' रेडिओ.

या रेडिओची गोष्ट ट्रकपासून सुरू होत नाही. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा, १९४५ साली, सामान्य नागरिकांना आपसात बोलण्यासाठी रेडिओलहरींचा एक पट्टा राखून ठेवण्याचे अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ठरविले. तेव्हाची यंत्रे महाग आणि वापरायला अवघड होती. १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपास २३ चॅनेल खुले झाले आणि खरा सीबी सुरू झाला. शेतकरी, प्लंबर, टॅक्सीवाले, छोटे दुकानदार अशांची कामाची निरोपानिरोपी व्हावी, एवढाच सरकारचा हेतू होता. लायसन्स घ्यायचे, बोलताना आपला नोंदणी क्रमांक सांगायचा, पाच मिनिटांवर बोलायचे नाही आणि गप्पा तर मुळीच मारायच्या नाहीत, असे नियम होते. यंत्राची शक्ती चार वॅट. रस्त्यावर आवाज चार-पाच मैल गेला तरी पुष्कळ. या तोकड्या पल्ल्याने पुढे बोलीला कसा आकार दिला, ते येईलच.

ट्रकवाल्यांच्या हाती हे यंत्र आले होतेच, पण त्याचे शस्त्र झाले ते १९७३ च्या शेवटी. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब तेल-उत्पादक देशांनी अमेरिकेचे तेल रोखले आणि डिझेलचे भाव भडकले. पंपांवर रांगा लागल्या, मोजूनमापून डिझेल मिळू लागले. त्यावर इंधन वाचविण्याचा उपाय म्हणून वेगमर्यादा आली. २ जानेवारी १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली आणि देशभर कमाल वेग ताशी ५५ मैल ठरला. त्याआधी मोकळ्या महामार्गांवर सत्तर-पंचाहत्तरची मुभा होती.

मोटारीतून सहलीला जाणाऱ्याला यामुळे तासभर उशीर झाला असेल. पण स्वतःचा ट्रक कर्जाने घेऊन चालविणाऱ्याला पैसे मैलावर मिळत, तासावर नव्हेत. डिझेल महाग, हप्ता तोच आणि दिवसात कापता येणारे मैल कमी. शिवाय एका दिवसात किती तास चालवायचे यावर सरकारी बंधन होतेच. म्हणजे कायद्याने वागले तर घर चालत नाही आणि घर चालवायचे तर कायदा मोडतो, अशा कात्रीत हा माणूस सापडला. डिसेंबर १९७३ मध्येच पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो राज्यांत ट्रकवाल्यांनी महामार्गावर गाड्या आडव्या लावल्या. त्यांच्यामागे ना मोठी युनियन होती, ना पुढारी. एकाने रेडिओवर सांगितले, दुसऱ्याने ऐकले आणि पुढच्याला कळविले. जानेवारी अखेरीस मोठा संप झाला. त्यात गोळीबार झाला, माणसे दगावली, काही राज्यांत नॅशनल गार्ड रस्त्यावर आले. अखेर डिझेलपोटी भाड्यात वाढ मिळाली, पण ५५ ची मर्यादा काही हटली नाही.

मग ती मोडायची कशी, याची विद्या रेडिओवर सुरू झाली. या विद्येची शब्दसंपत्ती पाहण्यासारखी आहे.

हायवे पोलिसाला म्हणायचे 'स्मोकी'. जंगलात वणवा लावू नका असे सांगणारे 'स्मोकी बेअर' नावाचे अस्वलाचे चित्र तिकडच्या वनखात्याने १९४४ पासून गावोगावी लावले होते. त्या अस्वलाच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी असे आणि राज्य पोलिसांची टोपीही तशीच. एवढ्या साम्यावरून पोलीस अस्वल झाला आणि मग अस्वलांचे कुटुंबच वाढत गेले. नवा भरती झालेला तो 'अस्वलाचे पिलू', बाई पोलीस 'अस्वलीण', पोलीस ठाणे म्हणजे 'अस्वलाची गुहा', वरून हेलिकॉप्टर फिरत असेल तर 'हवेत अस्वल'. दंड भरणे म्हणजे 'अस्वलाला खाऊ घालणे'. रडारने वेग मोजणाऱ्याला 'कोडॅकवाला कोजॅक' हे नाव पडले. कोजॅक हा तेव्हाच्या टीव्ही मालिकेतला टकला पोलीस आणि कोडॅक म्हणजे कॅमेरा. साध्या मोटारीतून, बिनखुणेचा फिरणारा पोलीस 'साध्या कागदात गुंडाळलेला' असे. ज्या मोटारीत सीबी नाही आणि तरी जी सुसाट निघाली आहे, ती 'अस्वलाचे आमिष'. तिला पुढे जाऊ द्यायचे आणि आपण मागून निवांत जायचे. हा शब्द आम्हाला विशेष आवडतो. त्यात दुष्टपणा आहे, पण दोष त्या मोटारवाल्याचाच आहे.

सरकारी वजनकाट्याला म्हणत 'कोंबड्यांचे खुराडे'. ते उघडे की बंद, एवढे कळले तरी अर्धा दिवस वाचे. ५५ च्या मर्यादेला 'डबल निकल' म्हणत. निकल म्हणजे पाच सेंटचे नाणे. अशी दोन शेजारी ठेवा की पंचावन्न वाचा. रस्त्यावर पडलेली फुटक्या टायरची साल म्हणजे 'मगर', कारण दुरून ती तशीच दिसते आणि चाकाखाली आली तर चावतेही. मागचा डबा न जोडता एकटाच धावणारा भुंडा ट्रक 'बॉबटेल'. मोटारी वाहून नेणारा ट्रक 'पार्किंग लॉट'. कामाच्या तासांची नोंदवही 'फसवणुकीचा कागद' किंवा 'चित्रकथांचे पुस्तक'. या दोन नावांवरून त्या वहीत किती खरे लिहिले जाई, हे वाचकांनी ओळखावे. भूकंपामुळे लॉस एंजलिसचे नाव 'डगमगपूर' झाले. निरोप घेताना म्हणत, चकचकीत बाजू वर आणि तेलकट बाजू खाली राहू दे. ट्रक उलटू नये, यापेक्षा वेगळी दुआ ड्रायव्हर ड्रायव्हरला काय देणार?

आवाज चार-पाच मैलच जात असल्याने खबर एकट्याच्या कामाची नसे. समोरून येणाऱ्याने जे मागे पाहिले, तेच आपल्यापुढे असणार. म्हणून पूर्वेकडे जाणारा पूर्वेकडून येणाऱ्याला विचारी आणि त्याला आपल्या मागचे सांगे. तीन-चार ट्रक रांगेने निघाले की पुढचा 'पुढचे दार' होई, शेवटचा 'मागचे दार' आणि मधले 'झुलत्या खुर्चीत' बसलेले. पुढच्याने झाडे हलवायची, मागच्याने पाने गोळा करायची, असा वाक्प्रचार होता. म्हणजे एकाने समोरच्या अस्वलावर नजर ठेवायची आणि दुसऱ्याने पाठीमागच्या. मधल्यांनी निर्धास्त चालवायचे.

गंमत अशी की या बोलीचा एक मोठा हिस्सा पोलिसांकडूनच आला. 'टेन-फोर' म्हणजे समजले, 'टेन-ट्वेंटी' म्हणजे ठिकाण. हे आकडे इलिनॉय राज्य पोलिसांतील चार्ल्स हॉपर यांनी १९३७ च्या सुमारास तयार केले. तेव्हाच्या यंत्राला पूर्ण जोर यायला क्षणभर वेळ लागे आणि बोलण्याचा पहिला तुकडा हवेत विरून जाई. म्हणून प्रत्येक आकड्याआधी 'टेन' लावला. तो विरला तरी बिघडत नसे. पोलिसांचे तेच आकडे ट्रकवाल्यांनी पोलिसांविरुद्ध वापरले आणि 'तुझे ट्वेंटी काय?' असा त्यांचा लाडका प्रश्न बनविला.

लायसन्स-क्रमांक तर कुणीच सांगेना. त्याऐवजी प्रत्येकाने एक टोपणनाव घेतले. त्याला 'हँडल' म्हणत. नाव, गाव, चेहरा काही कळत नसे आणि तरी रात्रीच्या वेळी शेकडो मैल सोबत होई. १९ नंबरचा चॅनेल ट्रकवाल्यांचा ठरला. 'ब्रेकर वन-नाइन' म्हटले की मधे बोलण्याची परवानगी मागितली, असे समजायचे. ९ नंबर अपघात-संकटासाठी राखलेला होता आणि त्यावरून वाचलेले जीवही पुष्कळ आहेत. सीबी म्हणजे निव्वळ कायदा चुकविण्याची सोय, असे कुणी म्हणेल तर ते अन्यायाचे होईल.

पुढचा भाग प्रसिद्धीचा आहे, तो थोडक्यात सांगतो. १९७५ साली सी. डब्ल्यू. मॅक्कॉल या नावाने 'कॉन्व्हॉय' हे गाणे निघाले आणि जानेवारी १९७६ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. हा मॅक्कॉल ट्रकवाला नव्हताच. ओमाहा शहरातील बिल फ्राइस या जाहिरातवाल्याने पावाच्या एका जाहिरातीसाठी तो रचला होता. १९७७ साली 'स्मोकी अँड द बँडिट' आणि १९७८ साली खुद्द 'कॉन्व्हॉय' हे चित्रपट आले. अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही 'फर्स्ट मामा' हे हँडल घेतले. लायसन्सचे अर्ज लाखांनी येऊ लागले, कमिशनची कचेरी गुदमरली. १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल ४० झाले आणि १९८३ साली लायसन्सच रद्द झाले. बोलीचे छापील कोश पैशापासरी मिळू लागले. जी बोली पोलिसापासून लपण्यासाठी होती, तिचा कोश पोलिसाच्याही खिशात गेला.

इथे एक कडवी गोष्ट सांगणे भाग आहे, कारण गाण्यांत आणि चित्रपटांत ती येत नाही. रेडिओवर बोलताना उत्तरेकडचा माणूसही दक्षिणेकडचा हेल काढी. तो हेल म्हणजेच ट्रकवाला, असे समीकरण झाले होते. पण त्या हेलाच्या बिरादरीत सगळ्यांना जागा नव्हती. काळ्या माणसाला १९ नंबरवर शिव्या ऐकाव्या लागत. काळ्या अमेरिकनांनी मग आपले क्लब काढले, वेगळ्या चॅनेलवर आपल्या लकबीत बोलण्याची स्वतंत्र रीत पाडली. बायांसाठी जे शब्द रूढ होते, त्यांतले बरेच या वार्षिकात छापता येणार नाहीत. 'गुड बडी' ही जिवलग मित्राची हाक पुढे समलिंगी पुरुषाला हिणविण्याची शिवी झाली. चेहरा दिसत नाही म्हणून भेद मिटतो, हा आमचा भाबडा समज होता. माणूस आवाजावरूनही जात ओळखतो. घरी दखनी आणि कागदावर मराठी अशा दोन जिभांनी वाढलेल्या आम्हाला हे आधीच ठाऊक असायला हवे होते. आमच्या उच्चारावरून वर्गात पिकलेला हशा आम्ही विसरलेलो नाही.

१९८० च्या मोटर कॅरियर कायद्याने भाड्याचे दर मोकळे झाले, स्पर्धा वाढली आणि ड्रायव्हरची कमाई घसरत गेली. ५५ ची मर्यादा १९८७ साली सैल झाली आणि १९९५ साली रद्दच झाली. डबल निकल हा शब्द निवृत्त झाला. मोबाइल फोन आले. डिसेंबर २०१७ पासून तासांची नोंद इंजिनाला जोडलेले यंत्रच करू लागले, तेव्हा चित्रकथांचे पुस्तकही मिटले. सीबी मेला मात्र नाही. २०२१ साली कमिशनने त्यावर एफएम पद्धतीने बोलण्यास परवानगी दिली. पुढे रस्ता अडला असेल किंवा बर्फ पडत असेल, तर अजूनही कुणीतरी १९ वर विचारतो.

ट्रक चालविणारा माणूस मात्र बदलला. आज त्या महामार्गांवर पंजाबी शीख मोठ्या संख्येने आहेत, सोमाली आणि बोस्नियन मुसलमान आहेत, मेक्सिकोकडचे आहेत. पंजाबी ड्रायव्हरांसाठी रस्त्याकडेला दालरोटीचे ढाबे निघाले आहेत. हे लोक आपसात बोलतात ते फोनवर, आपापल्या जबानीत.

ट्रकवाल्याला इंग्रजी बोलता-वाचता आले पाहिजे, असा केंद्रीय नियम तिथे जुनाच आहे. मात्र २०१६ पासून केवळ त्यावरून कुणाला रस्त्यावरून उतरविले जात नव्हते. २८ एप्रिल २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला आणि त्या २५ जूनपासून ती सक्ती पुन्हा सुरू झाली. तपासनीस ट्रक थांबवतो, ड्रायव्हरला इंग्रजीत प्रश्न विचारतो, रस्त्यावरच्या पाट्यांचा अर्थ विचारतो. उत्तर जमले नाही तर ट्रक तिथेच उभा राहतो आणि दुसरा ड्रायव्हर बोलवावा लागतो. ही परीक्षा बहुधा वजनकाट्यावर, म्हणजे त्या जुन्या खुराड्यातच होते.