नंदाखालचे धर्मग्राम

वसईचे नाव निघाले की आम्हां मराठी वाचकांना १७३९ साल आठवते. चिमाजी अप्पांची मोहीम, सुरुंगाने ढासळलेला बुरूज आणि मे महिन्यातील पोर्तुगीजांची शरणागती हा आमच्या अभिमानाचा विषय आहे. परंतु किल्ल्याच्या तटाबाहेर, उत्तरेकडे आगाशीच्या बाजूला केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांत जी ख्रिस्ती कुटुंबे होती, त्यांचे पुढे काय झाले, हे आम्ही क्वचितच विचारतो.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. त्यांच्यामागोमाग मिशनरी आले. देवळे पडली, चर्चे उभी राहिली. नंदाखालचे पवित्र आत्म्याचे चर्च १५७३ सालचे. धर्मांतराच्या या इतिहासात सक्ती होती, हे झाकण्यात अर्थ नाही. पण नव्या धर्मात गेलेला सामवेदी शेतकरी वाडी सोडून कोठे गेला नाही. त्याच्या घरची कादोडी बोली आणि हिंदू राहिलेल्या सामवेदी शेजाऱ्याची बोली एकच राहिली.

मराठ्यांचा विजय झाला, तेव्हा तहात ख्रिस्ती प्रजेला धर्माचरणाची मोकळीक मिळाली. युरोपीय पाद्री निघून गेले, चर्चांतील घंटा मात्र विजयचिन्हे होऊन घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे, तर मेणवलीच्या घंटेवर १७०७. त्या घंटांचा नाद आम्ही कौतुकाने ऐकतो. त्या ज्या गावांतून गेल्या, तेथली शांतता आमच्या बखरींत नाही.

गावे मात्र टिकली. पेशवाई गेली, इंग्रज आले. १८८६ पासून १९२८ पर्यंत या भागातील कित्येक चर्चे दमणच्या धर्मप्रांताखाली होती, म्हणजे जमिनीचा धनी इंग्रज आणि चर्चचा वरिष्ठ पोर्तुगीज परंपरेतला! त्यानंतर मुंबई, आणि १९९८ पासून स्वतंत्र वसई धर्मप्रांत. वरिष्ठ असे बदलत गेले. वाडीला पाणी देणारी माणसे तीच राहिली. वेदीवरची लॅटिनही शतकानुशतके टिकली. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत होऊ लागली, तेव्हा घरची भाषा प्रथमच वेदीपर्यंत पोहोचली.

याच नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुबोध बायबल’ सिद्ध करणारे हे धर्मगुरू २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या निवडीला विरोधही झाला. मराठी बोलणाऱ्या या माणसांना आम्ही अजून पुरते आपले मानत नाही, एवढेच त्या विरोधाने दाखविले.

आम्ही नोकरीनिमित्त परप्रांतांत राहून घरची भाषा जपतो आणि त्याचे थोडे कौतुकही करून घेतो. नंदाखालच्या लोकांनी घर न सोडता, बदलत्या सत्तांखाली, चार शतकांहून अधिक काळ तेच केले. वसईचा इतिहास सांगताना किल्ल्याबरोबर या धर्मग्रामाचेही नाव घेणे आमचे कर्तव्य आहे.