आधणाचा ध्वनी : एका घरगुती अनुभवाचा वैज्ञानिक इतिहास

प्रस्तावना :
चुलीवर आधण ठेवले की झाकण न काढताही त्याची अवस्था कानाने ओळखता येते. प्रथम शांतता, मग वाढत जाणारा सूं-सूं आवाज आणि शेवटी खळखळ. सर्वांत तीव्र आवाज मात्र पाणी उकळण्याच्या थोडा आधी येतो. या अनुभवाच्या शास्त्रीय अभ्यासाचा जालना जिल्ह्यापर्यंतचा प्रवास प्रस्तुत लेखात मांडला आहे.

ध्वनीची कारणमीमांसा :
भांड्याच्या तप्त तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात. परंतु वरचे पाणी तुलनेने थंड असल्याने त्या वाफेचे पुन्हा पाणी होते व बुडबुडा मिटतो. रिकाम्या जागेत चहूबाजूंनी पाणी आदळते. अशा असंख्य आघातांतून हा आवाज निर्माण होतो. जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी साधारण ९८ अंश सेल्सिअसला उकळते. सर्व पाणी या तापमानास पोहोचले की बुडबुडे न मिटता पृष्ठभागावर येऊन फुटतात आणि आवाज सौम्य होतो.

संशोधनाचा विकास :
१८९४ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मध्यभागी अरुंद असलेल्या नळीतून पाणी वेगाने सोडले. अरुंद भागात दाब इतका घटला की पाणी न तापवताच उकळले. पुढे दाब वाढताच बुडबुडे मिटले व तसाच आवाज आला. याच काळात चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' जहाजाच्या पंख्याभोवती अशाच पोकळ्या आढळल्या. या घटनेस 'कॅव्हिटेशन' म्हणतात. रेनॉल्ड्स यांनी केलेले किटलीच्या आवाजाचे वर्णन वाचून लॉर्ड रॅले या प्रश्नाकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी पोकळी मिटताना निर्माण होणाऱ्या प्रचंड दाबाचे गणित मांडले. धातूवर खड्डे पडण्याचे कारण त्यातून स्पष्ट झाले.

महाराष्ट्रातील योगदान :
जी शक्ती यंत्रांची हानी करते, तिचा उपयोगही करून घेता येतो. मुंबई विद्यापीठाच्या, १९३३ मध्ये स्थापन झालेल्या रसायन तंत्रज्ञान विभागातील अनिरुद्ध पंडित व ज्येष्ठराज जोशी यांनी १९९३ मध्ये कॅव्हिटेशनच्या साहाय्याने तेलांच्या जलविघटनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे पंडित व सहकाऱ्यांनी सांडपाणी शुद्धीकरणासाठीही हे तंत्र अभ्यासले. याच विभागातून विकसित झालेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ मध्ये जालना येथे सुरू झाले.

समारोप :
अवर्षणप्रवण जालना जिल्ह्यात या ज्ञानाला व्यावहारिक मोल आहे. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खालावली की काठावरील पंपास पाणी अधिक खोलीवरून ओढावे लागते, ओढीच्या बाजूचा दाब घटतो व पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येऊ शकतो. हा आवाज आधणाच्या आवाजाचाच सगोत्र आहे. तो ओळखून पंप वेळीच पाण्याजवळ उतरविल्यास त्याच्या पंख्याची झीज टळते. परिचित ध्वनीचे कारण शोधण्याची वृत्ती अशा रीतीने विज्ञानास आणि शेतीस सारखीच उपकारक ठरते.