सिंगापूरचे साप : थोडी ओळख, थोडी खबरदारी



आमच्या इमारतीजवळच्या नाल्याकाठी एकदा काळा साप दिसला. "फण्यावर दहाचा आकडा नाही, म्हणजे नाग नव्हे," असे म्हणत मी फोटो काढायला पुढे सरसावलो. शेजारच्या मलय काकांनी दंड धरून मागे ओढले. तो नागच होता! गावाकडचे ज्ञान इथे पुरत नाही, म्हणून ही माहिती.

थुंकणारा काळा नाग
आपल्याकडचे नाग, मण्यार, घोणस, फुरसे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांपैकी घोणस आणि फुरसे सिंगापुरात नाहीत. इथला नाग बहुधा पूर्ण काळा असतो. धोका वाटला की तो विषदंतांतून विषाचा फवारा समोरच्याच्या डोळ्यांकडे उडवतो, तोही सुमारे दोन मीटरपर्यंत. डोळ्यांत विष गेल्यास चोळू नका. भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच रुग्णालय गाठा. उशीर झाल्यास दृष्टीला इजा होऊ शकते.

जाळीदार अजगर
जगातला सर्वांत लांब साप. तो बिनविषारी आहे, पण डिवचल्यास जोरात चावतो. ओठांवरच्या खळग्यांनी त्याला भक्ष्याच्या अंगची उष्णता जाणवते. पावसाळी नाल्यांतून तो शहरभर फिरतो आणि उंदीर फस्त करतो. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते.

उडता साप
बरगड्या पसरून, अंग चपटे करून हा झाडावरून झाडावर तरंगत जातो. विष सौम्य, माणसाला धोका नाही. सह्याद्रीतला उडता सोनसर्प याचाच भाऊबंद.

गैरसमज
साप डूख धरत नाही, दूध त्याचे अन्न नाही. त्याला बाह्य कान नसतात. पुंगीच्या हालचालीवर तो डोलतो.

साप दिसल्यास
• थांबा, सावकाश मागे सरका. मुले व पाळीव प्राणी दूर ठेवा.
• पकडू वा मारू नका. परवान्याशिवाय तसे करणे इथल्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.
• साप घरात शिरला किंवा अडकला असेल तर एनपार्क्सला कळवा : १८००-४७६-१६००.
• चावल्यास ९९५ फिरवा. चावलेला भाग हलवू नका. चिरणे, चोखणे, आवळून बांधणे टाळा.

नागपंचमीला आपण पाटावर नाग काढतो. यंदा मुलांना एवढेही सांगूया : आकडा शोधायला जवळ जायचे नाही!