जात्यावरच्या ओव्यांचे दप्तर

आपल्या चळवळीचा इतिहास लिहायला बसले की आपण सभा, ठराव, सत्याग्रह यांची कागदपत्रे चाळतो. गाण्यांकडे वळलोच तर भीमराव कर्डकांचा जलसा आणि वामनदादांची गीते आठवतात. आठवलीच पाहिजेत. कर्डकांनी जलशांवर पुस्तक लिहून ठेवले, वामनदादांची गाणी पुस्तिकांतून घरोघर गेली. पण पहाटेच्या अंधारात जात्याचा खुंटा धरून बाबासाहेबांवर ओवी गाणारी बाई? तिचे गाणे कोण छापणार? तिला लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांना ते बायकांचे गुणगुणणे वाटत होते.

हे गाणे टिपून घेतले ते पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यालाच आपले मानलेले गी पॉइत्वाँ यांनी. 1980 नंतरच्या काळात मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत गोरगरिबांच्या संघटनेचे काम करताना त्यांच्या ध्यानात आले की सभेत तोंड न उघडणाऱ्या बाया जात्यावर बसल्या की सगळे बोलतात. सासुरवास, माहेर, भाऊ, सीतेचा वनवास, सगळे काही. मग गावोगाव ओव्या उतरवून घेणे सुरू झाले. 1,000 हून अधिक गावांतून 1 लाखाहून जास्त ओव्या जमल्या. पुढे 1990 च्या दशकात संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी संगणकावर त्यांची नोंद बसवली आणि सुमारे 120 तासांचे ध्वनिमुद्रण झाले.

मला यातली मोठी गोष्ट आकडा वाटत नाही. प्रत्येक ओवीपुढे गाणारणीचे नाव आणि गाव लिहिलेले आहे, ही आहे. एरवी 'लोकगीत' म्हटले की ते सगळ्यांचे, म्हणजे कोणाचेच नाही, असे होऊन जाते!

एप्रिल 1996 मध्ये ही मंडळी बीड जिल्ह्यातल्या माजलगावला भीमनगरात गेली. तिथल्या बायांनी बाबासाहेबांवर ओव्यांमागून ओव्या गायल्या. पहिली ओवी देवाला वाहायची ही जुनी रीत. त्या जागी भीमराया आले, बुद्ध आले. 1956 च्या धम्मदीक्षेचा अर्थ शिकलेल्यांनी ग्रंथांतून समजून घेतला. या बायांनी तो दळता दळता लावला, आणि बाबासाहेबांना घरच्या माणसासारखे नात्यात घेतले.

आमच्या आजीलाही अशा ओव्या येत होत्या म्हणतात. गावात पिठाची गिरणी आली, जाते दाराबाहेर पडले, आणि आम्ही कोणीच त्या लिहून घेतल्या नाहीत. घरात चार जण शिकलेले होते.

पॉइत्वाँ 2004 साली आणि हेमाताई 2010 साली गेल्या. हा ठेवा 2017 पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या पी. साईनाथ यांनी उभ्या केलेल्या संग्रहाने लोकांपुढे आणायला घेतला. ओव्यांचे शब्द, आवाज, भाषांतरे तेथे मिळतात. त्यांचे कार्यकर्ते पुन्हा माजलगावला जाऊन आले. मधे वीसेक वर्षे गेली होती. त्यातल्या काही बायांनी पुन्हा गाऊन दाखवले.