खुरासणीचा घाणा आणि पामची पिशवी

परवा घोडेगावच्या बाजारात तेलाची पिशवी उचलली, मागे बारीक अक्षरात 'पामोलीन' लिहिलेलं. म्हटलं, इथून वर डिंभ्याच्या पुढे डोंगरात खुरासणी पिकते आणि आपण समुद्रापलीकडचं तेल खातोय!

आपल्याकडे डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरई, मग खुरासणी अशी पिकांची फेर असायची. नंतर जमीन काही वर्षं पडीक. रासायनिक खत-औषध जवळपास नाहीच. पिवळी फुलं आली की मधमाश्या हव्यातच, नाहीतर दाणा भरत नाही. हा दाणा जायचा लाकडी घाण्यात. उखळात लाट फिरते, बैल गोल गोल चालतो. पेंडीत बरंच तेल उरतं, पण ती जाते गोठ्यात. म्हणजे वाया काय गेलं? काहीच नाही.

1934 साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. तिथे मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी हाच घाणा सुधारला, बैलाचे कष्ट कमी आणि तेल जास्त. आणि गंमत बघा, त्याच दशकात, 1937 मध्ये, बाजारात डालडा आला! निकेल वापरून तेलात हायड्रोजन घालायचा, की तेल तुपासारखं घट्ट.

पुढे आलं सॉल्व्हंट. पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या हेक्झेनमध्ये पेंड भिजवली की तिच्यात 1 टक्क्याहूनही कमी तेल उरतं. हेक्झेन परत गोळा करतात, पण थोडं हवेत जातंच. मग रिफायनिंग: कॉस्टिक सोडा, धुण्याचं पाणी, वापरून झालेली माती, वास घालवायला 200 अंशांवरची वाफ. हे सांडपाणी नीट साफ न करता सोडलं तर जवळच्या ओढ्याची काय गत होईल, सांगायला नको.

पण थांबा, घाण्याची आरती ओवाळायला मी बसलो नाहीये. हेक्टरी खुरासणीतून तेल निघतं जेमतेम शंभरेक किलो. पाममधून तीन-साडेतीन टन! सगळ्या देशाला खुरासणी खाऊ घालायची तर आपलेच डोंगर नांगरावे लागतील. पामची अडचण वेगळी आहे. इंडोनेशियात त्यासाठी जंगलं तोडली, दलदलीची जमीन सुकवली, आणि तिच्यात साठलेला कार्बन हवेत गेला. 1994 मध्ये आपण पामोलीनची आयात खुली केली आणि ती पिशवी गावोगाव पोचली.

दुकानदाराला विचारलं, "दादा, खुरासणीचं आहे का?"

"दिवाळी होऊ द्या," तो म्हणाला. "वरच्या गावांतून कुणी दाणा आणला तर."

पिशवी तशीच खाली ठेवली. घरी पोचलो तर आई विचारते, "आणि तेल?"