मेजवानीतील अनाहूत पाहुणा

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीत मेजवानी हा कथानकाचा हमरस्ता होता. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) नायक-नायिकेची पहिली गाठ नृत्यसमारंभात पडते, गैरसमज होतात, निवळतात आणि अखेर विवाह होतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी आलेल्या आधुनिकतावादी लेखकांनी समारंभ कायम ठेवला; मात्र त्यांनी एक निराळाच प्रश्न विचारला. एका छपराखाली जमलेली माणसे एकमेकांना खरोखर भेटतात काय?

या प्रश्नाचा मागोवा घेण्यास जेम्स जॉइसची ‘द डेड’ ही कथा आपल्याला विशेष जवळची वाटावी. १९०७ साली लिहून झालेली ही दीर्घकथा १९१४ मध्ये ‘डब्लिनर्स’ या संग्रहात प्रसिद्ध झाली. जॉइसचे शिक्षण येशूसंघीयांच्या शाळांत झाले होते. पुढे त्याने ख्रिस्तसभेकडे पाठ फिरवली. तथापि त्याच्या कथेतील घर अस्सल कॅथलिक आहे. केट आणि ज्युलिया या दोघी वृद्ध बहिणी नाताळच्या दिवसांत वार्षिक मेजवानी देतात. गाणे होते, नाच होतो, भाजलेल्या हंसाचे ताट येते.

याच गडबडीत केटच्या मनातील एक सल बाहेर पडतो. ज्युलियाने चर्चच्या गायकवृंदात आयुष्य वेचले. आणि आता स्त्रियांना तेथून दूर करण्यात आले आहे! हा संदर्भ काल्पनिक नाही. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीतासंबंधी आदेश काढला. गायकाचे कार्य हे उपासनेतील पद असून स्त्रियांना ते देता येत नाही, उंच स्वरांसाठी मुलांची योजना करावी, असे त्यात म्हटले होते. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी हे बंधन काही अटींवर शिथिल केले. कथेत मात्र केटची भाची तिला आवरते. पाहुण्यांत एक परपंथीय गृहस्थ आहेत. शिवाय सर्वांना भूक लागली आहे! विषय तेथेच मिटतो. एका स्त्रीच्या आयुष्यभराच्या सेवेवर जेवणाचे झाकण पडते.

पुढे भाचा गॅब्रिएल आदरातिथ्याची महती गाणारे भाषण करतो. टाळ्या पडतात. पण निरोपाच्या वेळी त्याची पत्नी ग्रेटा जिन्यात थबकून एक जुने गाणे ऐकते आणि रात्री रडत सांगते, की हे गाणे गाणारा एक आजारी मुलगा तिच्यासाठी पावसात उभा राहिला होता व सतराव्या वर्षी वारला. इतक्या वर्षांच्या संसारात पतीला त्याचे नावही ठाऊक नव्हते. आमंत्रण नसलेला तो मृत मुलगाच त्या रात्रीचा खरा पाहुणा ठरतो.

पुढे १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाने असे पाहुणे घरोघरी आणले. व्हर्जिनिया वुल्फच्या ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) या कादंबरीत १९२३ च्या जून महिन्यातील एक दिवस आहे. क्लॅरिसाच्या झगमगत्या मेजवानीत एका डॉक्टरांची पत्नी सहज सांगते, की युद्धावरून परतलेल्या एका तरुणाने आज आत्महत्या केली. क्लॅरिसाने त्याला कधी पाहिलेही नव्हते. तरीही ती पाहुण्यांना सोडून शेजारच्या खोलीत एकटी जाते आणि त्याचा विचार करते. त्या सबंध दिवसात त्या तरुणाला समजून घेणारे जे थोडे भेटले, त्यांत ही अनोळखी यजमानीण येते.

दोन्ही लेखकांनी मेजवानीची निंदा केलेली नाही. शिष्टाचाराखाली काय दडपले जाते, एवढेच त्यांनी दाखविले. आपण ज्या मेजाभोवती दर रविवारी जमतो, तेथे मात्र मृतांचे स्मरण हा प्रार्थनेचाच भाग आहे. प्रत्येक मिस्सामध्ये त्यांच्यासाठी जागा राखलेली असते. तीच रीत आपल्या घरच्या पंगतीला का नसावी? येत्या सणाला एखादी वृद्ध मावशी जुने दुःख बोलू लागली, तर तिला आवरू नये. जेवण थोडे थांबेल.