मळीची कुळकथा

2001 साली केंद्र सरकारने पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळून पाहण्यासाठी देशात तीन ठिकाणे निवडली. त्यातली दोन महाराष्ट्रातली होती, मिरज आणि मनमाड; तिसरे उत्तर प्रदेशातले बरेली. पेट्रोलियम खाते तेव्हा राम नाईक यांच्याकडे होते. आज पंपावर वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल सर्रास मिळते. त्याचा हिशेब लोक या तीन गावांपासून धरतात. घराणे मात्र त्याहून बरेच जुने आहे, आणि त्याचा मूळ पुरुष आहे मळी.

गव्हाणीत मोळी पडते, रस निघतो, आटतो, साखरेचे दाणे धरतात आणि ते यंत्रात फिरवून वेगळे केले जातात. उरलेला पाक पुन्हा आटवायचा, पुन्हा फिरवायचा. असे तीनदा केल्यावर जे काळपट, दाट, चिकट द्रव्य उरते, ज्यातून साखर काढणे परवडत नाही, ती ‘सी’ मळी. टनभर उसामागे ती साधारण 40 ते 45 किलो निघते. दुसऱ्या फेरीनंतरच थांबले तर ‘बी’ मळी. तिच्यात साखर अधिक आणि म्हणून ती आंबवून मिळणारा मद्यार्क, म्हणजे इथेनॉलही, अधिक.

1932 मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि देशातले कारखाने थोड्याच वर्षांत तिसाच्या आसपासवरून शंभराच्या पुढे गेले. साखर विकली जाई, पण मळीचे करायचे काय? ती साठवायला जागा नाही, वाहून न्यायला टाक्या नाहीत, ओढ्यात सोडली की दुर्गंधी. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मीळ झाले तेव्हा या अडचणीतूनच ‘पॉवर अल्कोहोल’ला, म्हणजे इंधनाच्या मद्यार्काला, भाव आला. स्वातंत्र्यानंतर वर्षभराच्या आत, 1948 मध्ये, पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्यासाठी कायदाही झाला. पुढे तो कागदावर पडून राहिला आणि 2000 साली रद्द झाला. लगेच पुढच्या वर्षी मिरज-मनमाडचा प्रयोग सुरू झाला!

मधली पन्नास वर्षे मळी स्वस्थ बसलेली नव्हती. तिच्या मद्यार्कातून देशातला रसायन उद्योग उभा राहिला. बरेलीत कृत्रिम रबर त्यातून बनत होते. नगर जिल्ह्यात साकरवाडीला सोमैया समूहाने साखर कारखान्याच्या शेजारीच मद्यार्कापासून रसायने बनवायला सुरुवात केली. पिकातून रसायन आणि इंधन काढण्याला आता ‘जैवअर्थव्यवस्था’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. नगर जिल्ह्याला ती गोष्ट त्या नावाच्या आधीपासून ठाऊक होती.

याच जिल्ह्यात प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी साखर कारखान्याची चाके फिरली. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले. सरकारने भांडवल दिले, सहकारी बँक पाठीशी उभी राहिली. सरकार, शेतकरी आणि जाणकार यांनी एकत्र येण्याची ही घडी पुढच्या सगळ्या गोष्टींना उपयोगी पडली. 1975 मध्ये पुण्याजवळ मांजरीला साखरेची संशोधन संस्था निघाली, ती आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. कारखाने तिला गाळपाच्या टनावर वर्गणी देतात. पाडेगावच्या सरकारी ऊस संशोधन केंद्राने को 86032 या वाणाची शिफारस 1996 मध्ये केली आणि राज्याच्या शिवारांचे रूप पालटले. आसवनीची यंत्रे बनवण्याचे काम मात्र खासगी उद्योगांनी अंगावर घेतले. प्रमोद चौधरी यांनी पुण्यात सुरू केलेली ‘प्राज’ त्यातली अग्रणी. तिची संयंत्रे आज अनेक देशांत चालतात.

या तंत्रातली खरी मेख पाण्याची आहे. मळी पाण्याने सैल करून तिच्यात यीस्ट सोडले की काही तासांत टाकी उकळल्यासारखी फसफसते. मग ऊर्ध्वपातन. पण कितीही उकळा, मद्यार्क 95-96 टक्क्यांवर अडतो. उरलेले पाणी त्याच्याबरोबरच वाफ होऊन येते. असा मद्यार्क पेट्रोलमध्ये घातला तर टाकीच्या तळाशी पाण्याचा थर बसण्याचा धोका. पूर्वी हे पाणी काढायला बेंझीन वापरत, जे विषारी. नंतर ‘मॉलिक्युलर सीव्ह’ आली: खनिजाच्या बारीक गोळ्या, त्यांची छिद्रे 0.3 नॅनोमीटरची. पाण्याचा रेणू त्यात शिरतो आणि अडकतो. इथेनॉलचा रेणू थोराड, तो बाहेरूनच पुढे निघून जातो. ही चाळणी सर्रास झाली नसती तर इथेनॉलचे धोरण कागदावरच राहिले असते.

जानेवारी 2003 पासून नऊ राज्यांत 5 टक्के मिश्रण सक्तीचे झाले, पण वेळ वाईट होती. आदल्याच वर्षी सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला होता. पानांखाली पांढरी लोकर, वरून काजळी, असा तो भराभर पसरला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. ऊस घटला, मळी घटली आणि 2004 मध्ये सक्ती सैल करावी लागली. मावा हटवला तो कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी. कृषी शास्त्रज्ञांनी ते ओळखले, कारखान्यांनी वाढवले, शेतकऱ्यांनी एका फडातून दुसऱ्या फडात नेले. सहकार्य म्हणजे काय ते इथे दिसते.

तरीही 2013-14 पर्यंत मिश्रणाने दीड टक्क्याच्या आसपासच मजल मारली होती. राज्याराज्यांचे परवाने, वाहतूक शुल्क आणि न परवडणारा दर यांत सगळे अडकले होते. डिसेंबर 2014 मध्ये सरकारने दर ठरवून दिला. 2016 मध्ये उद्योगांविषयीचा केंद्रीय कायदा दुरुस्त करून राज्यांचा अधिकार पिण्याच्या मद्यापुरता राखला. 2018 मध्ये ‘बी’ मळीच्या इथेनॉलला लिटरला 52.43 रुपये, तर ‘सी’ला 43.46 रुपये दर दिला. या फरकाने चित्र पालटले. साखरेचा साठा वाढवण्यापेक्षा ती इंधनाकडे वळवणे कारखान्यांना परवडू लागले. जून 2022 मध्ये 10 टक्क्यांचा टप्पा मुदतीआधीच गाठला गेला.

भागीदारी किती नाजूक आहे हेही लवकरच कळले. पाऊस कमी झाला म्हणून 7 डिसेंबर 2023 रोजी सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर एकाएकी बंदी आणली. नंतर ती मर्यादा घालून सैल झाली आणि पुढच्या हंगामासाठी उठली. तोवर कर्ज काढून आसवन्या उभारलेले कारखाने हवालदिल झाले होते आणि इथेनॉलच्या कच्च्या मालात मक्याने उसाला मागे टाकले होते.

पाण्याचा हिशेबही टाळता येत नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे 2,860 लिटर पाणी लागते. शिवाय लिटरमागे आठ-दहा लिटर काळे सांडपाणी निघते. त्याने एकेकाळी नद्या नासवल्या. आता त्यातून बायोगॅस काढतात आणि ते जाळून उरलेली पोटॅशयुक्त राख खत म्हणून विकतात. ही सुधारणा खरी आहे, पण दुष्काळी तालुक्यात ऊस वाढवण्याचे समर्थन तिने होत नाही.

आणि शेतकरी? उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, साखरेच्या उताऱ्यावर ठरते. रंगराजन समितीने 2012 मध्ये सुचवलेल्या सूत्रात साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा उसाला दिला आहे. पण त्यात मळी मळीच्याच भावाने धरली जाते, इथेनॉलच्या नव्हे. ज्यांच्या भागांवर हे घराणे उभे राहिले, त्यांना शेवटच्या पिढीची कमाई दिसायला हवी. सभासदांनी येत्या वार्षिक सभेत अहवाल हाती घ्यावा आणि इथेनॉल किती लिटर निघाले, किती रुपयांना गेले आणि त्यातले उसाच्या दरात किती आले, हे तीन आकडे उभे राहून मागावेत.